गाजर बिनधास्त द्या, पण गोल चकत्या करून नको

अमळनेरहून एका ताईंनी विचारलंय. घरी तीन वर्षांचा लॅब्रॅडोर आहे, वजन ३६ किलो, नसबंदी झालेली. सोबतीला पाच महिन्यांचं पामेरियन पिल्लू, तीन किलोचं. सासूबाई सकाळी भाजी निवडायला बसल्या की लॅबला दोन-तीन गाजरं देतात. तो ती न चावताच गिळतो आणि दुसऱ्या दिवशी शीमध्ये केशरी तुकडे जसेच्या तसे दिसतात. शेजारचे काका म्हणतात, कुत्र्याला गाजर पचतच नाही, बंद करा. मोबाइलवर कुणी सांगतं की गाजराने दात साफ होतात, नजर सुधारते, रोज द्या. तर द्यावं का, किती, कच्चं की शिजवून, आणि पिल्लाला चालेल का?

ताई, गाजर बंद करायची गरज नाही. फक्त सासूबाईंच्या हातातल्या सुरीची दिशा बदलायची आहे. ते का, हे सांगायला मला माझीच फजिती सांगावी लागेल.

डिसेंबर महिना, घरात हलव्यासाठी तीन किलो लाल गाजरं आलेली. बायको किसत होती, मी मदतीच्या नावाखाली एक गाजर कोशिंबिरीसाठी कापायला घेतलं, छान गोल गोल चकत्या. आमची गावठी राणी ओट्याशी बसलेली. एक चकती हातातून निसटली, तिने हवेतल्या हवेत झेलली आणि पुढच्या क्षणी तिचा आवाज बंद झाला. खोकला नाही, विव्हळणं नाही. मान पुढे ताणलेली, पुढचे पंजे तोंडावर, जीभ जांभळट व्हायला लागली. जनावरांचा डॉक्टर असूनही पहिले दोन-तीन सेकंद मी नुसता बघत राहिलो. मग तिला मागून कवेत घेतलं, बरगड्या संपतात तिथे पोटावर मूठ दाबून वर-पुढे तीन झटके दिले. तिसऱ्याला चकती टणकन फरशीवर. कपाळावरच्या मोठ्या टिकलीएवढी ती चकती आम्ही नंतर बराच वेळ बघत होतो. राणीने मात्र शेपूट हलवून ती परत खायला घेतली.

गोल चकतीचा दोष तिच्या आकारात आहे. कुत्रा आपल्यासारखा घास घोळवत नाही. त्याच्या दाढा मांस कापायच्या कात्रीसारख्या, जात्यासारख्या दळणाऱ्या नाहीत. घास तोंडात आला की दोनदा कचाकच आणि आत. चकती ओली, गुळगुळीत, कडक आणि नेमकी श्वासनलिकेच्या तोंडावर झाकणासारखी बसेल अशी. तेच गाजर उभं चिरून, काडीसारख्या लांब फोडी केल्या, तर घशात गेली तरी बाजूने हवेला वाट राहते. म्हणून कुठल्याही कुत्र्यासाठी गाजर आधी उभं चिरायचं. मोठ्या कुत्र्याला करंगळीएवढ्या जाड काड्या. दहा किलोच्या आतल्याला आगपेटीच्या काडीच्या दुप्पट जाडीच्या, किंवा सरळ किसून. तुमच्या लॅबसारख्या गिळणाऱ्या गड्याला अख्खं गाजर अजिबात नको. चावेल या भरवशावर तर अजिबातच नको. काही लोक पूर्ण मोठं गाजर हाताने धरून चावायला देतात. ते चालतं, पण शेवटचं बोटभर बूड राहिलं की काढून घ्यायचं. घोटाळा त्या शेवटच्या तुकड्यातच होतो.

आता लिहितोच आहे तर कुत्र्याच्या घशात काही अडकलं तर काय करायचं तेही सांगून ठेवतो, कारण त्या वेळी फोन शोधायलाही वेळ नसतो. कुत्रा खोकत असेल, घरघर का होईना पण आवाज येत असेल, तर हवा जातेय. त्याला खोकू द्या, बोटं घालू नका, सरळ दवाखाना गाठा. आवाज बंद, जीभ निळी, तर तोंड उघडून बघा. तुकडा समोर दिसत असेल तरच बोटाने बाजूने ओढून काढा. नुसतं चाचपडलं तर तो आणखी आत जातो, आणि घाबरलेला कुत्रा मालकालाही चावतो. दिसत नसेल तर लहान कुत्र्याला मांड्यांपाशी धरून डोकं खाली करा आणि दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने चार-पाच थापा. मोठ्याला मी राणीला दिले तसे पोटावर झटके. तुकडा निघाला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, झटक्यांनी आत काही दुखावलं नाही ना ते बघायला.

शीतल्या तुकड्यांचं म्हणाल तर काका अर्धे बरोबर आहेत. वनस्पतीच्या पेशीला जाड भिंत असते. ती फोडायची तर नीट दळायला हवं किंवा शिजवायला हवं. कुत्रा दळत नाही, म्हणून कच्च्या गाजराचे मोठे तुकडे आले तसे निघून जातात. याला अपचन म्हणून घाबरू नका. शी घट्ट असेल, कुत्रा खेळता असेल, तर केशरी ठिपक्यांचा अर्थ एवढाच की त्या तुकड्यातलं सत्त्व वाया गेलं. पण ‘कुत्र्याला पचतच नाही’ हेही खरं नाही. २०१३ साली स्वीडनच्या संशोधकांनी लांडगा आणि कुत्रा यांची जनुकं ताडून बघितली, तेव्हा पिष्ट पचवणाऱ्या एन्झाइमच्या जनुकाच्या प्रती कुत्र्यात लांडग्यापेक्षा कितीतरी जास्त निघाल्या. माणसाच्या उंबऱ्याशी हजारो वर्षं राहून त्याने भाकरी पचवायचं कसब कमावलंय. आपल्या खेड्यातली कुत्री दादर ज्वारीच्या भाकरीवर आणि ताकावर पिढ्यान् पिढ्या जगलीच की. गाजराची अडचण त्याच्या पिष्टाची नाहीच, ती त्या पेशीच्या भिंतीची आहे, आणि ती भिंत किसणी किंवा कुकर पाडतो.

म्हणजे कच्चं की शिजवलेलं, याचं उत्तर कशासाठी देताय त्यावर आहे. चघळायचा विरंगुळा हवा असेल तर कच्च्या काड्या. अंगी लागायला हवं असेल तर शिजवून. कुकरला एक शिट्टी पुरे, किंवा वरणासोबत डब्यात ठेवून द्या. मीठ, हळद, फोडणी काही नको. शिजलेलं गाजर बोटाने कुस्करता आलं पाहिजे. वरचं पाणी फेकू नका, कोमट करून त्याच्याच जेवणात घाला.

आहे काय त्या गाजरात? १०० ग्रॅम कच्च्या गाजरात जवळपास ८८ ग्रॅम पाणी, ऊर्जा ४१ किलोकॅलरी, तंतू पावणेतीन ग्रॅम, साखर साडेचार-पाच ग्रॅम, प्रथिनं एक ग्रॅमसुद्धा नाहीत. आणि बीटा कॅरोटीन, ज्यातून कुत्र्याचं शरीर व्हिटॅमिन ए बनवतं. मांजराला हे जमत नाही, त्यामुळे मांजरवाल्यांनी हा मजकूर आपल्यासाठी समजू नये. बीटा कॅरोटीनचा फायदा हा की शरीर लागेल तेवढंच त्याचं रूपांतर करतं. कलेजीचं तसं नाही. तिच्यात तयार व्हिटॅमिन ए असतं. महिनोन् महिने रोज भरपूर कलेजी दिली तर ते साचतं आणि हाडं-सांधे आखडतात. गाजराने असं होत नाही.

नजरेचा समज मात्र फार चिवट आहे. शिरपूरकडचे एक आबा त्यांच्या बारा वर्षांच्या कुत्र्याला रोज पाव किलो गाजर भरवायचे, डोळ्यांत निळसर झाक आली म्हणून. मला म्हणाले, “डॉक्टर, मन्हा कुत्रा गाजर खास, मंग डोया कसा बिघडना?” म्हातारपणी डोळ्याचं भिंग दाट होऊन निळसर दिसतं. ते मोतीबिंदू नसतं बऱ्याचदा, आणि कुत्र्याला त्यातून बरंच दिसतंही. मोतीबिंदू असला तर त्याला शस्त्रक्रिया लागते. दोन्हींवर गाजराचा उपाय नाही. व्हिटॅमिन ए कमी पडलं तर नजर अधू होते हे खरं, पण बरं खाणाऱ्या कुत्र्यात ते कमी पडतच नाही, मग वरून ओतून काय सुधारणार? आबांना एवढंच सांगितलं की गाजर अर्धं करा आणि रक्तातली साखर तपासून घ्या, कारण कुत्र्यात मोतीबिंदू मधुमेहातूनही येतो.

दातांचंही तसंच. काडी चघळताना वरवरचा चिकटा थोडा निघतो. जमलेली पिवळी कीट गाजराने निघत नाही आणि हिरड्यांच्या खालची तर बिलकूल नाही. दात साफ करायचे तर कुत्र्यांची पेस्ट आणि ब्रश. माणसांची पेस्ट नको, काहींत झायलिटॉल, म्हणजे साखरेऐवजी वापरतात तो गोडवा, असतो आणि तो कुत्र्याला घातक आहे. गाजर हे ब्रशच्या बदल्यात म्हणजे गाजराची पुंगीच. वाजली तर वाजली, नाहीतर खाल्ली.

प्रमाणाकडे येतो, कारण तुमच्या प्रश्नात मला खरी काळजी गाजराची वाटली नाही, ३६ किलोची वाटली. तीन वर्षांचा लॅब, नसबंदी झालेला, अमळनेरच्या उन्हात दिवसभर कूलरपुढे झोपणारा. तो बहुतेक ३० किलोचा हवा. घरी एक चाचणी करा: दोन्ही तळहात त्याच्या बरगड्यांवर ठेवा. दाब न देता बरगड्या मोजता आल्या तर ठीक. लोण्यात बोटं रुतल्यासारखं वाटलं तर तो जाड आहे, मग घरातले कितीही म्हणोत की ‘हाडापेरानेच दांडगा आहे’. लॅबच्या भुकेचं एक कारण रक्तातच आहे. २०१६ साली केंब्रिजच्या संशोधकांना सुमारे चारातल्या एका लॅबमध्ये एका जनुकाचा तुकडा गळालेला सापडला, ज्यामुळे पोट भरल्याचा निरोप मेंदूला नीट पोचत नाही. तेव्हा तो भुकेल्या डोळ्यांनी बघतो ते नाटक नसतं. पण म्हणून ऐकायचंही नसतं.

खाऊचा ढोबळ नियम: दिवसभराच्या एकूण कॅलरीत वरखाऊ १० टक्क्यांच्या आत. हिशेब करून दाखवतो. ३० किलोच्या कुत्र्याची विश्रांतीतली गरज जवळपास ९०० किलोकॅलरी. वजन उतरवायचं तर साधारण तेवढ्यावरच ठेवतात. त्याचे १० टक्के म्हणजे ९०, म्हणजे कागदावर सव्वादोनशे ग्रॅम गाजर. मी तेवढं देऊ नका म्हणेन, कारण एवढे तंतू एकदम गेले तर पोट फुगतं, वारा सुटतो आणि घरात बसवत नाही. तुमच्या लॅबला दिवसाला १०० ते १२० ग्रॅम, म्हणजे मध्यम आकाराची दीड-दोन गाजरं, दोनदा विभागून. सासूबाई देतात ते प्रमाण फारसं चुकलेलं नाही, फक्त तिसरं गाजर कोशिंबिरीत जाऊ द्या.

आता विचारतो ते मनावर घेऊ नका. सकाळ-संध्याकाळ चहाबरोबर त्याला ग्लुकोज बिस्किटं कोण देतं? खानदेशातल्या दर दुसऱ्या घरात हे मी विचारतो आणि दर वेळी सगळे आजोबांकडे बघतात. एका बिस्किटात साधारण २५ किलोकॅलरी धरा. म्हणजे एक बिस्किट बरोबर ६० ग्रॅमचं अख्खं गाजर. दिवसाची बारा बिस्किटं म्हणजे ३०० किलोकॅलरी, त्याच्या दिवसभराच्या गरजेचा तिसरा हिस्सा, तोही मैदा, साखर आणि तेलात. गाजराचं मोल मला यातच दिसतं. बिस्किटाची जागा त्याने घेतली तर कुत्र्याला ‘मिळालं’ आणि आजोबांना ‘दिलं’ हे दोन्ही समाधान राहतं. जेवणावर आणखी वरून गाजर दिलं तर वजन उतरत नाही, हे मात्र लक्षात ठेवा. दुसरं काहीतरी कमी करून त्याच्या बदल्यात द्यायचं आहे.

पिल्लाचं. पाच महिने म्हणजे दात पडायचे-यायचे दिवस. दुधाचे २८ जाऊन ४२ कायमचे येतात. चार ते सात महिन्यांत हे उरकतं. हिरड्या शिवशिवतात म्हणून ते चपला, सोफा, चार्जरची वायर सगळं कुरतडत असेल. थंड गाजराची लांब काडी त्याला बरी वाटेल. फ्रिजमध्ये गार केलेली द्या. फ्रीझरमध्ये दगड झालेली देऊ नका. दिलीच तर पाच-दहा मिनिटं बाहेर ठेवून, नखाने दाबल्यावर खूण उमटेल इतपत मऊ झाल्यावर. आणि तुम्ही समोर बसलेल्या असतानाच, तुकडा मोडला की उचलायला. पोटात जाण्यासाठी म्हणाल तर शिजवून कुस्करलेलं चहाचे दोन चमचे दिवसाला, बस्स. पामेरियनला आपल्याकडे लोक दूध-पोळीवर वाढवतात आणि मग हाडं ठिसूळ निघतात. वाढत्या पिल्लाच्या पोटात जागा फार थोडी असते. ती गाजराने भरली तर अंडं, चिकन, पिल्लांचं खाद्य कुठे जाणार?

हीच गोष्ट शाकाहारी घरांना आवर्जून सांगावी लागते. ‘आम्ही मांस आणत नाही, मग भात, गाजर, भोपळा दिला तर?’ असं विचारणारे रोज भेटतात. मोठ्या कुत्र्याच्या कोरड्या आहारात किमान १८ टक्के प्रथिनं लागतात. गाजर-भाताने ते गणित बसत नाही. अंडं, पनीर, दही, सोयाबीन, किंवा तयार खाद्य, काहीतरी हवंच. गाजर ताटातलं लोणचं-कोशिंबीर धरा, भाकरी धरू नका.

खानदेशात गाजरापेक्षा गाजराच्या सोबत्यांनी जास्त पेशंट दिलेत मला. हलवा घ्या. साखर, खवा, तूप हे एकावेळी वाटीभर गेलं तर स्वादुपिंडाला सूज येते. कुत्रा उलट्या करतो, पोट दुखतं म्हणून पुढचे पाय जमिनीला टेकवून ढुंगण वर करतो. वरण-बट्टीच्या पंगतीनंतर तुपात बुडवलेल्या बट्ट्या खाऊन आलेलीही अशीच असतात. हलव्यात त्याहून वाईट म्हणजे मनुका. मनुका आणि द्राक्षं काही कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी करतात. कुणाला थोड्याने होतं, कुणाला जास्तीने, आधी ओळखता येत नाही. लग्नाच्या घरातून एक डॅशहंड आणलेला, रात्री हलव्याचं पातेलं चाटून. घरच्यांनी दुसरा अख्खा दिवस ‘जड झालं असेल’ म्हणून काढला. आणला तेव्हा लघवी जवळपास बंद. चार दिवस सलाइन लावूनही तो गेला. मनुका खाल्ल्याचं पहिल्या दोन तासांत कळलं तर आम्ही इंजेक्शनने उलटी करवतो आणि बहुतेक वाचतात. घरी मिठाचं पाणी पाजून उलटी करवायला जाऊ नका, ते मीठच जिवावर उठतं.

दुसरा सोबती कांदा-लसूण. पावभाजीतलं, सांबारातलं, मटार-गाजराच्या भाजीतलं गाजर वेचून कुत्र्याला दिलं तरी रस कांद्याचाच असतो. आपल्या काळ्या मसाल्यातही भाजलेला कांदा-खोबरं असतं. कांदा, पात, लसूण, कच्चा असो, शिजलेला असो की वाळवलेला, कुत्र्याच्या लाल रक्तपेशी फोडतो. किलोमागे १५ ते ३० ग्रॅम कांदा त्रासाला पुरतो. म्हणजे तुमच्या तीन किलोच्या पामेरियनला अर्धा-पाऊण मध्यम कांदा. आणि परिणाम लगेच दिसत नाही, तीन-चार दिवसांनी दिसतो, त्यामुळे कुणी जोडच लावत नाही. थंडीत शेतावर भरीत पार्ट्या होतात. कपाशीच्या काड्यांवर भाजलेली वांगी, भरपूर कांद्याची पात, लसूण, आणि उरलेलं भरीत कळण्याच्या भाकरीत कालवून राखणीच्या कुत्र्याला. बुधवारी पार्टी झाली की रविवारी फोन येतो, ‘कुत्रं सुस्त आहे, लघवी लाल-तपकिरी होतेय’. ओठ वर करून हिरडी बघायला सांगतो. गुलाबीऐवजी पांढरट असली तर गाडी काढा.

गाजराचं लोणचं, फोडणीची कोशिंबीर, शुगर-फ्री गाजर मिठाई, बाजारातला मसाला भुरभुरलेला काप, सगळ्याला नाही. गाजराचा ज्यूसही नको. त्यात तंतू गाळले जातात आणि साखर उरते.

बाजारातून आणलेलं गाजर मातीत आणि कधी कधी ज्या पाण्यात धुतात त्यात माखलेलं असतं. अर्धा तास पाण्यात ठेवा, चोळून धुवा, वरची साल खरवडा, देठाकडचा हिरवा भाग कापून टाका. मऊ पडलेलं, बुरशी आलेलं ‘कुत्र्यालाच तर द्यायचंय’ म्हणून देऊ नका. हिवाळ्यात येणारं लाल गाजर आणि वर्षभर मिळणारं केशरी, दोन्ही चालतात. लालमध्ये टोमॅटोसारखं लायकोपीन असतं, कुत्र्याला चव दोन्हीची सारखीच. पाला विषारी नाही, पण त्यावर फवारणी असते, सोडूनच द्या. आणि कृपया पाल्याच्या नावाने गाजर गवताशी गल्लत नको. मागे एका शेतकरी मित्राने ‘गाजराच्या पाल्यानेच कुत्र्याचं पोट आणि जांघा लाल झाल्या’ म्हणून आणलं. बांधावर जाऊन बघितलं तर कुत्रं काँग्रेस गवतात लोळायचं. पानं गाजरासारखी दिसतात एवढंच नातं. त्याच्या स्पर्शानेच माणसाला आणि जनावराला खाज सुटते.

जुलाबावर गाजर, हा जुना आणि बऱ्यापैकी खरा उपाय आहे. १९०८ साली एर्न्स्ट मोरो नावाच्या ऑस्ट्रियन बालरोगतज्ज्ञाने जुलाबाच्या बाळांसाठी गाजराचं सूप वापरलं. अर्धा किलो गाजर लिटरभर पाण्यात तास-दीड तास रटरट शिजवायचं, बारीक करायचं, पाणी घालून परत लिटर करायचं, थोडं मीठ. इतका वेळ शिजल्यावर गाजरातल्या पेक्टिन नावाच्या तंतूचे जे बारीक तुकडे होतात ते जंतूंना आतड्याच्या भिंतीला चिकटू देत नाहीत असं मानतात. मी हे साध्या जुलाबात सांगतो, मोठ्या कुत्र्याला, एक-दोन दिवस, थोडं थोडं, शिजवलेल्या भात-चिकनसोबत. पण पिल्लाला उलटी आणि घाण वासाचे रक्ताळ जुलाब सुरू झाले, त्यातून लस अर्धवट, तर तो पार्व्हो, म्हणजे जीवघेणा विषाणूचा आजार, असू शकतो. तिथे गाजर रटरटवत बसलात तर पिल्लू हातचं जाईल. मोठ्याच्याही शीत रक्त असेल, दोन दिवसांत आवरत नसेल, कुत्रा मलूल असेल, तर सूप बंद आणि दवाखाना.

काही कुत्र्यांना मात्र विचारल्याशिवाय नको. मधुमेहवाल्याला रोज ठरलेल्या वेळी ठरलेलंच खाणं लागतं, मधेच चार काड्या गेल्या तर इन्सुलिनचा हिशेब हलतो. लघवीत ऑक्झलेटचे खडे झालेल्याला मी गाजर बंदच ठेवतो. मूत्रपिंडं थकलेल्याच्या बाबतीत त्यातल्या पोटॅशियमकडे बघावं लागतं. उलट स्वादुपिंडाचा त्रास होऊन गेलेल्याला चरबी नसलेला खाऊ म्हणून शिजवलेलं गाजर फार सोयीचं.

गाजर गिळून आतड्यात अडकल्याचं क्वचित होतं, छोट्या कुत्र्यात मोठं बूड गेलं तर. उलटीवर उलटी, खाणं बंद, शी बंद, पोटाला हात लावू देत नाही, अशी लक्षणं असतील तर एक्स-रेपेक्षा सोनोग्राफीत लवकर कळतं. आपल्या भागात मात्र पोट फाडून मी जे काढतो ते बहुतेक मक्याचं दाणे खाल्लेलं कणीस आणि मे महिन्यातली आंब्याची कोय. गाजर आतड्यात मऊ तरी पडतं. कणीस महिनाभरानेही तसंच्या तसं निघतं. घरात मका खाल्ला की कणसं उघड्या कचऱ्यात टाकू नका.

उन्हाळ्यातलं एक सांगून थांबतो. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ ला टेकतो तेव्हा लॅब खात नाही, हाशहुश करत पडतो. किसलेलं गाजर बिनमिठाच्या ताकात कालवून फ्रिजमध्ये गार करा, दुपारी वाटीभर द्या, आवडीने चाटेल. त्याने पाण्याची वाटी रिकामी ठेवायची सूट मात्र मिळत नाही.

तर तुमच्याकडे असं करून बघा. लॅबला सकाळी सासूबाईंच्या हातून एका गाजराच्या उभ्या काड्या, एकेक करून, ‘बस’ म्हटल्यावर बसला की एक. संध्याकाळी एक शिजवून जेवणात, आणि तेवढं खाद्य कमी. बिस्किटांचा डबा आजोबांच्या खुर्चीपासून उचला. पिल्लाला दोन चमचे कुस्करलेलं, आणि मोठ्याच्या ताटलीपासून लांब, कारण घाईने खाणारी दोघं शेजारी बसली की चावणं विसरतात. नवीन काही सुरू करताना तीन-चार दिवस थोडं-थोडं वाढवा. वजन दर महिन्याला एकाच काट्यावर. ओळखीच्या जिनिंगवाल्याकडे किंवा धान्याच्या दुकानात मोठा काटा असतोच, कुत्र्याला उचलून स्वतःसकट उभं राहा आणि नंतर तुमचं वजन वजा करा. महिन्याला किलो-सव्वा किलो उतरलं तर बरोबर चाललंय. त्याहून झपाट्याने उतरलं किंवा काटा जागचा हलला नाही, तर थायरॉइडसकट रक्ततपासणी करू, तेव्हा येताना तो उपाशीपोटी आणा.